झकास म्हटलेलं जेवण

रविवार, ३ मार्च

दुकानाला सुट्टी, पण एका गिऱ्हाइकाचा कोट घाईचा होता म्हणून घरी आणला होता. त्याची काजं करत बाहेरच्या खोलीत बसलो होतो आणि आत ही फोनवर बोलत होती. एरवी हिचा फोन म्हणजे अख्ख्या गल्लीला बातम्या. आज मात्र "हो", "बरं", "येते ना", एवढंच. फोन ठेवून दारात आली आणि म्हणाली, "अहो, मला बोलावलंय."

शहरात एका माणसाचे चार-पाच पब आहेत. त्याला असं माणूस हवंय जे प्रत्येक स्वयंपाकघरात जाईल, चव बघेल आणि कुठे काय बिघडलं ते तोंडावर सांगेल. हिच्या कारखान्यातल्या कुणीतरी हिचं नाव सुचवलं. सुचवणारच! सॉस आणि सुपांच्या त्या कारखान्यात हिला मीठबाई म्हणायचे. चमचाभर सूप जिभेवर ठेवून ही सांगायची की कांदा कालचा आहे, नाहीतर पाणी दुसऱ्या टाकीतलं घेतलंय. साहेबलोक हिच्या तोंडाकडे बघत राहायचे. मीसुद्धा कापडावरून हात फिरवून सूत ओळखतो, पण ती सवय झाली. हिची जादू आहे.

गेल्या वर्षी कारखाना बंद पडला आणि जादू घरात बसली. त्यात थंडीत मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून तर बोलणंच आटलंय. जेवताना तोंडी लावायला भांडणसुद्धा नाही. म्हणून मी काजं टाकून उठलोच. म्हटलं, "मग असा सुतकी चेहरा करून काय उभी आहेस? आनंदाची बातमी आहे!"

"जाऊ का?" म्हणाली. जाऊ का म्हणजे काय! ही मला विचारून कधी कुठे गेली आहे?

मग म्हणाली, "तुम्ही याल बरोबर?"

इतक्या वर्षांत हिने मला कामाच्या जागी कधी नेलं नव्हतं. मी आढेवेढे घेतले नाहीत. लगेच हो म्हणून टाकलं.

शनिवार, ९ मार्च

सकाळी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. दूध नासलेलं होतं. समोर बसून ही तोच चहा शांतपणे पीत होती. मी म्हणालो, "अगं, हे दूध..."

"काय झालं दुधाला?" अशी दचकली की माझाच जीव वरखाली झाला. हिचं सगळं लक्ष मुलाखतीत, दुधाकडे कुठून असणार? म्हटलं आत्ता कशाला टोचायचं. "काही नाही, साय जरा जास्त आलीय," म्हणालो आणि डोळे मिटून कप रिकामा केला. संसारात एवढं चालायचंच.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवण्यासारखी आहे. हल्ली भाजी उतरवायच्या आधी ही चमचा घेऊन माझ्याकडे येते. "बघा बरं." पूर्वी मी मीठ कमी आहे म्हटलं तर "तुम्ही बाह्या जोडा" असं उत्तर मिळायचं. आता माझ्या मताला किंमत आलीय. वय झालं की माणूस निवळतो तो असा. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, तुमचं प्रमोशन झालं." मी दिवसभर खुशीत होतो.

सोमवार, ११ मार्च

शहरात पोचलो. लॉजची खोली छोटी, पण खिडकी मोठी. मुलाखत परवा. मी हिच्यासाठी नवा कोट शिवलाय, कॉफी रंगाचा, खांद्यात असा बसलाय की मलाच माझं कौतुक वाटतं. ही म्हणाली, "उद्या दुपारी आपण एका बेल्जियन बिअरच्या पबमध्ये जेवू. मी नेते तुम्हाला." मी म्हटलं, आता ह्या वयात पब? तर म्हणाली, "का, दारात वय विचारतात का?" किती महिन्यांनी अशी बोलली! कुठेही नेऊ दे, जाईन.

मंगळवार, १२ मार्च

आजचं जेवण. हे सविस्तर लिहितो, कारण हिला मी हे कधी सांगणार नाही.

पब मात्र बघत राहावा असा. लांबच लांब खोली, काळपट लाकूड, पितळेच्या तोट्यांची रांग आणि मागे फळ्यांवर ग्लासच ग्लास. इथे प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा. एकाचं पोट मोठं, एक उंच सडपातळ, एक पायावर उभा. ज्याची बिअर त्याच्याच ग्लासात, दुसऱ्याच्या नाही. मापाप्रमाणे कपडा, तसं. मला फार आवडलं हे. ज्या कुणी सुरू केलं असेल त्याला धंद्याची माया असली पाहिजे.

पण दार उघडलं तसा करपल्याचा वास आला. थोडाथोडका नाही, भरभरून. इस्त्रीवाल्या माणसाला हा वास झोपेतसुद्धा कळतो. मी हिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. दुसरी कुणी असती तर नाक मुरडून उलट्या पावली फिरली असती. ही मीठबाई असून सरळ जाऊन खिडकीजवळ बसली. मनात म्हटलं, वा, मोठेपणा मोठेपणा म्हणतात तो हा.

हिने काळी बिअर मागवली, बटाट्याचे फ्राइज आणि त्यांचा नावाजलेला पदार्थ, बिअरमध्ये शिजवलेलं मांस. आधी बिअर आली. हिने ग्लास उजेडात धरला. फेस बघता बघता बसला, ते बघून हिने मान हलवली. एक फ्राय उचलून आडवा धरला, तो माझ्या मिशीसारखा खाली वाकला. मग काट्याने मांसाचा तुकडा उलगडून बघितला. जवाहिऱ्याने हिरा बघावा तसं चाललं होतं. मी कौतुकाने बघत होतो. मग म्हणाली, "तुम्ही घ्या आधी."

मी घास घेतला. काय सांगू! राख. वरून कडू, आतून कडू, आणि गिळल्यावर घशात पुन्हा कडू. बिअरचा घोट घेतला तर ती आंबूस, फडक्याचं पाणी पिळल्यासारखी. आयुष्यातलं पहिलं बेल्जियन जेवण आणि ते असं.

"कसं लागतंय?" ही टेबलावर पुढे वाकून विचारत होती. डोळे इतके उत्सुक की मला लग्न ठरतानाची ही आठवली. हिने हौसेने आणलंय, थंडीनंतर पहिल्यांदा हौसेने काही केलंय. त्यावर पाणी ओतू?

"झकास," म्हणालो.

"झकास म्हणजे काय? नीट सांगा ना. कडू आहे? आंबट? गोड?"

"कडू अजिबात नाही. गोडसर. आणि खमंग." करपटला खमंग म्हणायला जिभेला हाड नाही म्हणून जमलं.

"कांदा लागतोय? विरघळलाय का नीट?"

"लोण्यासारखा."

मग हिने स्वतः खाल्लं. आणि सगळं खाल्लं! ताटली पावाने पुसली. मी माझे घास बिअरबरोबर ढकलत होतो आणि बिअर घासांबरोबर. शेवटी म्हणाली, "तुम्हाला आवडलं ना, मग बास." डोळे भरून आले होते तिचे. मी म्हटलं, एवढं काय त्यात, वेडाबाई.

घशात अजून कडूच आहे. पण हिचा चेहरा खुलला, त्यापुढे काही नाही.

बुधवार, १३ मार्च

नाही जमलं.

मी ऑफिससमोरच्या बाकावर बसलो होतो. आत गेली तेव्हा कोट काय दिसत होता! बाहेर आली ती तोच कोट हातावर टाकून. माझ्याशेजारी बसली. मग सांगितलं. कालचा पब त्याच मालकाचा होता. त्यानेच फोनवर सांगितलं होतं, आधी साधं गिऱ्हाईक म्हणून तिथे जेवा, मग येऊन काय चुकतंय ते सांगा.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तोलून मापून बोलला असता. मला साध्या माणसाचं खरं मत हवं होतं."

मी विचारलं, "मग तू काय सांगितलंस त्याला?"

"ग्लास तेलकट पुसले जातात म्हणून फेस टिकत नाही. फ्राइज एकदाच तळतात, दोनदा तळायला हवेत. मांस धाग्यांच्या दिशेने कापलंय. हे सगळं ऐकून तो खूश होता. मग विचारलं, आणि मांसाची चव? मी सांगितलं, चव छान आहे, गोडसर, खमंग." कोटाची घडी सारखी करत पुढे म्हणाली, "तो म्हणाला, बाई, काल ते पातेलं तळाला लागलं होतं. आचाऱ्याने सकाळीच कळवलं होतं. मीच म्हटलं, तसंच वाढा, आयतीच परीक्षा होईल."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला लागलं होतं का हो करपलेलं?"

आता काय बोलणार! माझ्या लगेच लक्षात आलं होतं. हिला सगळं कळलं होतं, पण करपलं म्हटलं असतं तर त्या आचाऱ्याची नोकरी गेली असती. म्हणून हिने पदरचं घालवलं. पण तसं तोंडावर म्हटलं तर ही संकोचेल. म्हणून ठोकून दिलं, "छे! मला तर काही लागलं नाही. तो मालकच बनेल दिसतोय."

"खरं?"

"अगदी."

तिने सुटकेचा श्वास सोडला. दिवसभर मी तिच्या मागे मागे फिरलो. अशी माणसं आता राहिली नाहीत. दुसऱ्याच्या पोटाचा विचार करून स्वतःच्या पोटावर पाय देणारी बाई माझ्या घरात आहे, आणि मी तिच्याशी अंथरुणाच्या चादरीवरून भांडतो.

शुक्रवार, १५ मार्च

मी गाढव आहे.

आज दुपारी निघायच्या तयारीत होतो. ही पलंगावर पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी टेबलावर चादरीची घडी अंथरून हिच्या कोटाला इस्त्री करत होतो. मी आणि माझी इस्त्री प्रवासातही वेगळे होत नाही. एवढ्यात लेकीचा फोन आला. खोलीत आवाज नीट येईना म्हणून बोलत बोलत पॅसेजमध्ये गेलो. "आई कशी आहे?" "आई देवमाणूस आहे तुझी," वगैरे चाललं होतं माझं. तोच लॉजचा मॅनेजर धावत आला. "साहेब, तुमच्या खोलीतून जळल्याचा वास येतोय!"

इस्त्री कोटावरच ठेवून आलो होतो. आत गेलो तर बाहीवर तपकिरी डाग, खोलीत नाकाला झोंबेल असा वास, आणि त्या वासात, माझ्यापासून दोन हातांवर, ही शांतपणे टॉवेलची घडी घालत होती.

वळून म्हणाली, "झालं बोलून? काय म्हणते?"

इतक्या वर्षांत माझ्या हातून कपडा जळला नव्हता आणि आज जळला तर मला कपड्याचं काही वाटेना. इस्त्री उचलली, बटण बंद केलं, आणि विचारलं, "तुला वास नाही आला?"

"कसला?" म्हणाली. मग तिने बाही पाहिली. मग मला पाहिलं. टॉवेल तसाच मांडीवर.

"थंडीतल्या तापापासून," ती म्हणाली. "वास नाही आणि चवही नाही. काहीही खा, कापूस चावल्यासारखं. डॉक्टरला दाखवून आले तुम्हाला न सांगता. तो म्हणाला, येईल परत, किंवा नाही येणार."

"अगं पण मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार? इतकी वर्षं तुम्ही चारचौघांत माझं कौतुक करत फिरलात. जीभ गेली म्हटल्यावर मग मी कोण?" आणि लगेच, आवाज बदलून, "आता खरं सांगा. मंगळवारचं जेवण कसं होतं?"

मी म्हणालो, "भिकार."

"म्हणजे?"

"राख होती गं नुसती. दारातूनच वास येत होता. बिअर आंबलेली. मला वाटलं तुला आवडतंय, तू ताटली पुसून खाल्लीस..."

"तुम्ही झकास म्हणालात म्हणून खाल्लं! तुम्हाला चांगलं लागतंय तर आपल्यालाही लागत असेल असं समजून खाल्लं मी!" ती उठून उभी राहिली. "तुमच्या जिभेच्या भरवशावर नोकरी मागायला गेले हो मी! आणि बुधवारी बाकावर पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच?"

रागाने लालबुंद झाली होती. आणि मग काय झालं कोण जाणे, एकदम हसायला लागली. "लोण्यासारखा कांदा म्हणे!" हसता हसता रडायला लागली आणि मीही. मॅनेजर दारातून डोकावून निघून गेला.

नासका चहा, ते चमचे, "बघा बरं", सगळं आता डोक्यात फिरतंय. आणि मी आपला प्रमोशन झालं म्हणून खूश!

शनिवार, १६ मार्च

काल निघणं राहूनच गेलं. सकाळी उठून म्हणाली, "चला पबमध्ये. त्याला खरं सांगून येऊ. परीक्षेत नापास झाले ते झाले, पण खोटी म्हणून जायचं नाही मला." कोट जळलेलाच घातला, बाही दुमडून. मी नको म्हणत होतो. ऐकेल तर ही कसली!

मालक तिथेच होता, तोट्या धुवून घेत होता. हिने नमस्कार केला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. वास गेलाय, चव गेलीय, त्या दिवशी मी नवऱ्याच्या जिभेने जेवले. माझ्याकडे बोट दाखवलं. मी बोटभर उंचीचा झालो.

मालक म्हणाला, "बाई, वाईट वाटलं. पण मला जीभच हवी होती हो."

"ती नाही माझ्याकडे," ही म्हणाली. "पण ते मांस का करपलं ते मला माहीत आहे. तेवढं सांगून जाते. फुकट."

मालक आम्हाला आत स्वयंपाकघरात घेऊन गेला. आचारी दांडगा, हाताची घडी घालून उभा. हिने एप्रन बांधला, पण त्याला काही शिकवायचा आव आणला नाही. त्याला विचारलं, "कांदा किती वेळ परतता?" तो म्हणाला, "होईपर्यंत." ही म्हणाली, "परता बघू." आणि कढईजवळ कान नेऊन उभी राहिली. कान! कांदा टाकल्यावर चरचर होते ती तिने ऐकली आणि म्हणाली, "हा ओरडतोय. आच कमी करा. पुटपुटला पाहिजे." मग बराच वेळ कांदा पुटपुटत राहिला. रंग चढत गेला, तसतशी ती आच थोडी थोडी कमीजास्त करत होती. बिअर ओतल्यावर बुडबुडे मोठे येतात का बारीक ते बघत होती. मांस बोटाने दाबून बघत होती. पावाच्या तुकड्याला मोहरी लावून वर ठेवली, म्हणाली, "हा विरघळला की रस्सा आपोआप घट्ट होतो. तुम्ही पीठ घालता, पीठ तळाला जाऊन बसतं आणि तेच करपतं." आचाऱ्याच्या हातांची घडी कधी सुटली ते मला दिसलंसुद्धा नाही. तो तिच्या हातात हवं ते आधीच देत होता.

मी स्टुलावर बसून बघत होतो. चव नाही, वास नाही, आणि तरीही! कारखान्यात मी कधी गेलो नव्हतो. हिचं काम मी आज पहिल्यांदा पाहिलं. मी आजवर ज्याचं कौतुक करत होतो ते तर अर्धंसुद्धा नव्हतं. छाती भरून आली माझी, खोटं कशाला बोलू.

दुपार उलटून गेल्यावर मांस झालं. आचाऱ्याने वाट्या भरल्या. मालकाने खाल्लं, चमचा खाली ठेवला, पुन्हा उचलला. म्हणाला, "सोमवारपासून या. महिनाभर बघू, हे कसं जमवायचं ते." आचारी म्हणाला, "जमेल."

हिने ऐकल्यासारखं केलं. पण बघत होती माझ्याकडे. तीच मंगळवारची नजर, पण आता तिच्यात भीती होती. मालक काय, सौजन्य म्हणूनही बोलेल. आचारी काय, त्याला ही आवडली होती. तिला माझ्याकडून हवं होतं.

मी घास घेतला आणि तोंड उघडलं.

"झकास म्हणू नका," ती म्हणाली.

मग काय म्हणू? छान? उत्तम? सगळेच शब्द मी मंगळवारी आणि बुधवारी खर्च करून बसलो होतो. इतकं सुरेख झालं होतं ते, आधी कांद्याचा गोडवा, मागून बिअरचा हलका कडवटपणा, मग मोहरी, आणि मांस दात न लावता सुटत होतं. आणि हे सगळं मी सांगितलं असतं तरी तिने का म्हणून मानावं? मी वाटी संपवली. पावाने पुसली. उठून पातेल्याशी गेलो, कुणाला न विचारता पुन्हा वाढून घेतलं आणि तिथेच उभा राहून खायला लागलो. मालक मला काहीतरी विचारत होता, ते कानावरून गेलं. अर्धी वाटी झाल्यावर लक्षात आलं की मी हिला अजून उत्तरच दिलेलं नाही.

घाईघाईने वर पाहिलं. ती एप्रनची गाठ सोडत होती.

"पुरे आता," म्हणाली. "बाधेल."